इंग्लंडमधल्या गावच्या इतिहासात बायका कुठे शोधायच्या?

सातारकरीण

नमस्कार मंडळी. मी डर्बीशायरमध्ये, विर्क्सवर्थजवळच्या एका लहान गावात राहते. इथे स्थानिक इतिहास मंडळ आहे. बहुतेक सभासद सत्तरीच्या पुढचे आहेत, आणि त्यांनी मला फार मायेनं आपल्यात घेतलंय. येत्या उन्हाळ्यात चर्चमध्ये गावाच्या इतिहासाचं प्रदर्शन भरवायचं ठरलंय. त्यातला 'गावातल्या बायका' हा फलक माझ्याकडे आलाय.

चर्चमध्ये शिरलं की भिंतीवर तेराव्या शतकापासूनच्या धर्मगुरूंची यादी दिसते. सगळे पुरुष. घंटांवर चर्चवॉर्डनांची नावं ओतलेली आहेत, तेही पुरुष. युद्धस्मारकावर तर पुरुषच असणार. बाईचं नाव संगमरवरावर एकाच ठिकाणी आहे, हवेलीतल्या जमीनदारीणबाईंचं, आणि त्यातही निम्मा मजकूर त्यांच्या यजमानांबद्दल. दफनाच्या जुन्या वहीच्या प्रती पाहिल्या, तर 'थॉमसची बायको', 'विधवा अमुक', 'एक गरीब बाई' अशाच नोंदी.

मंडळातले एक आजोबा म्हणाले, "बायकांचे कागदच नाहीत, तू हवेलीतल्या बाईंवर लिही." मला ते नको आहे. माझी आजी जन्मभर शेतात राबली, आणि सातबाऱ्यावर तिचं नाव लागलं ते आजोबा गेल्यावर. आजीसारख्या बायका या गावातही असणारच. त्या कुठल्या कागदांत सापडतील? आधी काय मागवू? आणि दुसऱ्या एखाद्या गावात असं काम करताना कुणाला काही मिळालं असेल तर तेही सांगा.

वहीवाली

सातारकरीण, कागद आहेत, आणि पुष्कळ आहेत. ते जन्म-लग्न-मृत्यूच्या वहीत शोधले तर मिळत नाहीत, पैशाच्या वहीत मिळतात. मी नॉटिंगहॅमला असते. निवृत्त झाल्यापासून जुन्या पॅरिशच्या, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या गावाच्या, हिशेबाच्या चोपड्या वाचून उतरवून काढायचं स्वयंसेवी काम करते. त्यातून माझं ठाम मत झालंय की जिथे पैसा हलला, तिथे बाई सापडते.

आधी नोंदवह्यांचं थोडक्यात सांगते. १५३८ साली थॉमस क्रॉमवेलच्या हुकमानं प्रत्येक पॅरिशला बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं लिहून ठेवणं भाग पडलं. वही लिहिणारा धर्मगुरू घरधन्याच्या नावानं माणसं ओळखायचा, म्हणून बाप्तिस्म्याच्या जुन्या नोंदींत कित्येकदा आईचं नावच नसतं. १८१३ पासून छापील नमुना आला आणि त्यात आईचं नाव लिहायला जागा झाली, पण धंद्याचा रकाना बापासाठीच राहिला. लग्नाच्या नोंदी १७५४ पासून जास्त कामाच्या होतात, कारण तेव्हापासून नवरा, नवरी आणि दोन साक्षीदार यांनी सही किंवा फुली करायचा कायदा झाला. त्या सुमाराला दहातल्या सहाएक नवऱ्या फुली करत. तुमच्या गावच्या फुल्या आणि सह्या जरूर मोजा, पण फुली म्हणजे निरक्षर असं फलकावर लिहू नका. त्या काळी आधी वाचायला शिकवत आणि लिहिणं मागाहून, ज्याला परवडेल त्याला. फुली करणाऱ्या कितीतरी बायका बायबल वाचत असतील.

आता मुख्य गोष्ट. १६०१ च्या गरिबांच्या कायद्यानं प्रत्येक पॅरिशला आपापल्या गरिबांना पोसणं बंधनकारक होतं. त्यासाठी गावात पट्टी बसायची, आणि ती गोळा करून वाटायला दरवर्षी ओव्हरसियर नेमले जायचे. हा ओव्हरसियर म्हणजे गावचाच शेतकरी किंवा दुकानदार. त्याला पै-पैचा हिशेब गावापुढे ठेवावा लागे, म्हणून तो सगळं लिहायचा. अमक्या विधवेला आठवड्याचे इतके, तमकीच्या मुलाला जोडे, फलाणीला कोळसा. मदत घेणाऱ्या बायका या चोपडीत आहेतच, पण मला जास्त मोलाच्या वाटतात त्या कामाचे पैसे घेणाऱ्या. आजाऱ्याची शुश्रूषा, बाळंतपण, अनाथ पोराला घरी सांभाळणं, प्रेताला आंघोळ घालून कफन चढवणं, धुणं, हे सगळं पॅरिश गावातल्याच बायकांकडून पैसे देऊन करून घेत असे.

मी उतरवलेल्या एका चोपडीत एक विधवा आहे. तिचं पाळण्यातलं नाव कधी येतच नाही, नुसतं 'विधवा' आणि आडनाव. पहिल्या पानांवर ती शेजारणीची रात्रभर शुश्रूषा केल्याचे पैसे घेते. मग प्रेतं आवरल्याचे. मग एका पोरक्या मुलीला ठेवून घेतल्याचे, बरीच वर्षं. नंतर तिच्याच नावापुढे आठवड्याची मदत सुरू होते. पुढे दुसरी एक बाई तिची शुश्रूषा केल्याचे पैसे घेते, आणि शेवटी कफन, पेटी, आणि मयताला आलेल्यांसाठी बिअर. मी ती पानं उतरवताना रडले होते, हे इथे सांगायला मला काही वाटत नाही. दफनाच्या वहीत तिची एक ओळ आहे. हिशेबाच्या चोपडीत तिचं अर्धं आयुष्य आहे, आणि अर्ध्या गावाचं आजारपण तिच्या हातून गेलेलं दिसतं.

प्रेत आवरणाऱ्या बायकांची पूर्ण नावं हवी असतील तर आणखी एक जागा सांगते. इथल्या लोकरीच्या धंद्याला आधार म्हणून १६७८ च्या कायद्यानं प्रेत लोकरीच्याच कापडात पुरायची सक्ती होती, आणि तसं पुरलंय अशी आठ दिवसांत शपथ घ्यावी लागे. नाहीतर पाच पौंड दंड. शपथ घेणारी व्यक्ती पुष्कळदा प्रेत आवरणारी बाईच असायची. ही प्रतिज्ञापत्रं किंवा त्यांची यादी टिकली असेल तर तीच तीच दोन-तीन नावं पुनःपुन्हा येतात. गावची ही कामं कोण करत होतं, ते तिथे कळतं.

तिसरा कागद वस्तीच्या हक्काच्या जबान्यांचा. १६६२ च्या कायद्यानंतर प्रश्न असा झाला की हा गरीब नक्की कुठल्या पॅरिशचा, याला पोसायचं कुणी? मग त्याला किंवा तिला न्यायाधीशांपुढे उभं करून विचारत. जन्म कुठला, वर्षाच्या करारानं चाकरी कुठे केली, लग्न कुणाशी झालं. लग्न झालं की बाईचा हक्क नवऱ्याच्या पॅरिशात जायचा, मग तिनं ते गाव जन्मात पाहिलेलं नसो. नवरा मेल्यावर मुलाबाळांसकट अशा परक्या गावी रवानगी झालेल्या विधवांचे हुकूम वाचवत नाहीत. बिनलग्नाच्या गरोदर मुलीचे हाल तर आणखी. मूल जन्मेल त्या पॅरिशच्या गळ्यात ते पडणार, म्हणून बाळंत होण्याआधी तिला हद्दीबाहेर काढायची धडपड चाले. पण याच जबान्यांत मोलकरणींची आयुष्यं त्यांच्या तोंडून आलेली आहेत, कारकुनाच्या भाषेत का होईना. कुठल्या घरी, किती पगारावर, का सोडलं.

तुमच्या भागाचं एक खास. विर्क्सवर्थच्या आसपास शिशाच्या खाणी होत्या. खाणीत उतरायचा पुरुष, पण वर आलेलं खनिज फोडणं, धुणं, चाळणं यात बायका आणि पोरं असत. डॅनियल डीफो १७२० च्या दशकातल्या आपल्या प्रवासवर्णनात ब्रॅसिंग्टनजवळच्या डोंगरात गुहेत राहणाऱ्या एका खाणकामगाराच्या बायकोला भेटल्याचं लिहितो. नवऱ्याची कमाई दिवसाला पाच पेनी, आणि ती खनिज धुवायला गेली तर तिची तीन. पाच मुलं, गुहा झाडून-पुसून लख्ख, धुराड्यात डुकराच्या मांसाची फळी टांगलेली. इतकं सगळं त्यानं टिपलं, पण तिचं नाव लिहिलं नाही. ही बाई तुमच्या फलकावर यायलाच हवी.

जनगणनेपासून सावध राहा. १८४१ च्या मोजणीत गणकांना सूचनाच होती की नवऱ्याबरोबर किंवा आईबापांबरोबर राहून त्यांच्याच कामात हात लावणाऱ्या बायका-मुलांचा धंदा लिहायची गरज नाही. त्यामुळे तो रकाना कोरा दिसला की ती बाई घरी बसून होती असं समजू नका. क्रॉमफर्डला आर्कराइटनं १७७१ साली गिरणी काढली, तेव्हाच्या जाहिरातीतच बायका-मुलांना काम मिळेल असं सांगितलं होतं. गिरणी बायकांच्या हातांवर चालली आणि पाट्यांवर नाव आर्कराइटचं.

तुमच्या मंडळातले आजोबा एयम गावाचं उदाहरण देतीलच, डर्बीशायरमध्ये सगळे देतात. तिथे १६६५-६६ च्या प्लेगमध्ये धर्मगुरू माँपेसन यांची पत्नी कॅथरिन २५ ऑगस्ट १६६६ ला गेली. चर्चच्या आवारात तिची मोठी कबर आहे. त्याच महिन्यात गावाबाहेर रायलीच्या शेतावर एलिझाबेथ हॅनकॉकनं आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं पुरली. संसर्गाच्या भीतीनं कुणी जवळ येईना, म्हणून तिनं एकटीनंच खड्डे खणले, असं परंपरेनं सांगतात. ती स्वतः वाचली. त्या सात जणांचे दगड आजही तिथल्या कुंपणाच्या आत आहेत. दोघींबद्दल मला सारखाच आदर आहे, पण रायलीला एकदा जाऊन या. धर्मगुरूच्या घराबाहेरच्या बाईची गोष्ट गावानं साडेतीनशे वर्षं तोंडी जपली, हे फार थोड्या गावांत घडलंय.

मॅटलॉकच्या रेकॉर्ड ऑफिसात तुमच्या पॅरिशच्या ओव्हरसियरच्या चोपड्या आहेत का, ते पहिल्यांदा पाहा. बाकी सगळं नंतर.

कसब्यातली

वहीवालीताईंचं वाचून राहवलं नाही. मी पुण्यात असते आणि पंडिता रमाबाईंच्या इंग्लंडमधल्या काळाचं वाचन करते. इंग्लंडमधल्या एका गावच्या इतिहासात आपल्याकडच्या बायकाही आहेत, तेवढंच जोडते.

रमाबाई १८८३ साली वॉन्टेजला गेल्या. तिथे १८४८ साली तिथल्याच धर्मगुरूनं, विल्यम बटलर यांनी स्थापन केलेला सिस्टरांचा मठ होता, आणि त्या सिस्टर पुण्यातही काम करत होत्या. २९ सप्टेंबर १८८३ ला रमाबाई आणि छोटी मनोरमा यांचा बाप्तिस्मा वॉन्टेजला झाला. पुढे रमाबाई चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात संस्कृत शिकवत होत्या. हे आपण शाळेपासून ऐकतो. पण रमाबाईंबरोबर आणखी एक बाई गेली होती, आनंदीबाई भगत. परक्या देशात, धर्मांतराच्या ताणात, बाप्तिस्म्याच्या आधीच, त्याच वर्षी तिनं वॉन्टेजला स्वतःचा जीव घेतला. रमाबाईंच्या चरित्रांत ती दोन-चार ओळींत येते आणि जाते. मला ती फार अस्वस्थ करते.

इंग्लंडमध्ये अशा मृत्यूची कॉरोनरपुढे चौकशी व्हायची आणि स्थानिक वर्तमानपत्रं तिची बातमी द्यायची. म्हणजे सातारकरीण, तुमच्या गावासाठीही एक वाट आहे. अपघातात, बाळंतपणात, भाजून, बुडून गेलेल्या बायकांच्या चौकशीच्या बातम्यांत शेजारणींच्या साक्षी असतात. डर्बी मर्क्युरी १७३२ पासून निघत होता. आणि काउंटीच्या सीमा तपासा. वॉन्टेज तेव्हा बार्कशायरमध्ये होतं, १९७४ पासून ऑक्सफर्डशायरमध्ये आहे.

सफोकवाला

सगळ्यांनी बायकांचं दुःख लिहिलंय आणि ते खरंच आहे. पण अधिकाराचंही लिहायला हवं, कारण पॅरिशच्या पातळीवर बायकांना अधिकार होता आणि तो लोक विसरलेत. तुमच्या फलकावर तो नसेल तर चित्र अपुरं राहील.

लंडनच्या सेंट बोटॉल्फ पॅरिशमध्ये सेक्स्टनच्या, म्हणजे चर्चची निगा आणि कबरी पाहणाऱ्याच्या, जागेसाठी निवडणूक झाली. सारा ब्लाय नावाची बाई उभी होती आणि ती जिंकली, त्यातही पट्टी भरणाऱ्या ४० बायकांची मतं धरून. हरलेला जॉन ऑलिव्ह कोर्टात गेला. १७३९ साली किंग्ज बेंचनं निकाल दिला की बाई सेक्स्टन होऊ शकते आणि पट्टी भरणारी बाई त्या निवडणुकीत मतही देऊ शकते. १७८८ साली आणखी एक निकाल आला, बाई गरिबांची ओव्हरसियरही होऊ शकते. म्हणजे वहीवाली ज्या चोपड्या वाचतात, त्यातली एखादी बाईनं लिहिलेलीही असू शकेल.

१८१८ च्या कायद्यानं व्हेस्ट्रीत, म्हणजे पॅरिशचा कारभार पाहणाऱ्या गावच्या सभेत, मालमत्तेच्या प्रमाणात एकाला सहापर्यंत मतं मिळू लागली. लिचफील्डच्या सेंट चॅड पॅरिशमधली १८४३ च्या निवडणुकीची मतदारयादी सापडली आहे. त्यात ३० बायकांनी मत दिलेलं दिसतं, आणि ग्रेस ब्राउन या खाटकीणबाईला एकटीला चार मतं होती. संसदेसाठी बाईला मत मिळायला पुढे ७५ वर्षं लागायची होती! या सगळ्या बहुतेक विधवा किंवा बिनलग्नाच्या, कारण घरपट्टी नवऱ्याच्या नावावर असली की मतही त्याचंच. १८९४ च्या कायद्यानं लग्न झालेल्या बायकांनाही पॅरिश कौन्सिलसाठी मत देता येऊ लागलं आणि उभंही राहता येऊ लागलं. तुमच्या गावच्या पहिल्या पॅरिश कौन्सिलच्या इतिवृत्तात कुणी बाई आहे का ते बघा.

आता आमच्या काउंटीचा अभिमान. ऑल्डबरा या समुद्रकाठच्या गावात ९ नोव्हेंबर १९०८ ला डॉ. एलिझाबेथ गॅरेट अँडरसन महापौर झाल्या, इंग्लंडमधल्या पहिल्या स्त्री महापौर. त्या लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय शाळेच्या १८८३ ते १९०३ डीन होत्या, आणि त्याच काळात तिथे शिकायला आल्या आपल्या रखमाबाई. नको असलेल्या नवऱ्याकडे जायला मुंबईच्या कोर्टात नकार देणारी मुलगी ज्या बाईंच्या शाळेत डॉक्टर झाली, त्या बाई पुढे गावच्या महापौर झाल्या. मी ऑल्डबराच्या रस्त्यांवरून जातो तेव्हा मला दोघी आठवतात.

सातारकरीण

तुम्हा तिघांचे मनापासून आभार. मॅटलॉकच्या यादीत पाहिलं, आमच्या पॅरिशच्या ओव्हरसियरच्या चोपड्या अठराव्या शतकाच्या मध्यापासून आहेत! जबान्या नाहीत, पण हेही मला खूप आहे. गुहेतल्या बाईबद्दल मंडळात कुणालाच माहीत नव्हतं. आजोबा आता स्वतःच मला ब्रॅसिंग्टनला घेऊन जाणार आहेत.

वहीवालीताई, एक विचारायचं राहिलं. आमच्या गल्लीत एक जुनं मेथडिस्ट चॅपल आहे, म्हणजे चर्चहून वेगळ्या पंथाचं प्रार्थनाघर. आता त्याचं घर झालंय. त्या लोकांच्या बायका चर्चच्या वहीत सापडतील का? आणि मृत्युपत्रं कुठे असतात?

वहीवाली

चॅपलचं बरं विचारलंस, कारण तिथे पुष्कळ जण फसतात. लग्नं १७५४ ते १८३७ पर्यंत क्वेकर आणि ज्यू सोडून सगळ्यांना चर्चमध्येच लावावी लागत, त्यामुळे लग्नाच्या वहीत चॅपलवाल्याही सापडतात. बाप्तिस्म्याचं तसं नाही. बाप्टिस्ट तर तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा करतच नाहीत. मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पीची, ज्यांनी रखमाबाईंना पुढे आधार दिला, त्या एसेक्समधल्या लँगहॅम गावच्या बाप्टिस्ट धर्मोपदेशकाच्या लेक. अशा मुलीसाठी पॅरिशची बाप्तिस्म्याची वही चाळत बसून काही मिळायचं नाही.

मेथडिस्ट म्हणशील तर तुझ्या विर्क्सवर्थलाच एलिझाबेथ एव्हान्स होती, कादंबरीकार जॉर्ज इलियटची काकू. उघड्यावर उभी राहून प्रवचनं करायची. नॉटिंगहॅमला फाशीची शिक्षा झालेल्या एका मुलीजवळ १८०२ साली तुरुंगात ती रात्रभर बसली आणि फाशीच्या गाडीतून तिच्याबरोबर गेली. १८०३ साली वेस्लीपंथीयांच्या, म्हणजे मेथडिस्टांच्या, परिषदेनं बायकांच्या प्रवचनांवर बंधनं घातली, तरी ती बोलत राहिली. तुमच्या चॅपलचे कागद असले तर त्यात वर्गणीच्या याद्या आणि बायकांच्या प्रार्थनावर्गांच्या याद्या बघ. बायकांचे वर्ग बायकाच चालवत.

मृत्युपत्रांसाठी मॅटलॉकला जाऊ नकोस. १८५८ पर्यंत हे काम चर्चच्या कोर्टाकडे होतं, आणि डर्बीशायर तेव्हा लिचफील्डच्या बिशपच्या हाताखाली होतं. ते कागद आज स्टॅफर्डला आहेत. नवरा हयात असलेल्या बाईला १८८२ च्या कायद्यापर्यंत स्वतःच्या मर्जीनं मृत्युपत्र करता येत नव्हतं, म्हणून तुला मिळतील त्या विधवा आणि बिनलग्नाच्या. पुरुषांची मृत्युपत्रं बहुतेक जमीन आणि पैसा यांत संपतात. विधवेचं निवांतपणे वाच. पितळेची कढई कुठल्या पुतणीला, चांगला पेटीकोट कुठल्या शेजारणीला, गादी कुठल्या मोलकरणीला. त्या नावांचा तक्ता कर आणि ओव्हरसियरच्या चोपडीतल्या शुश्रूषा करणाऱ्या बायकांशी ताडून पाहा. नावं जुळली की मला इथेच कळव, पुढचं आपण दोघी मिळून वाचू. अठराव्या शतकातल्या कारकुनाचं अक्षर लागेनासं झालं तर पानाचा फोटो टाक.